सातव्या दीपगृहाच्या अलीकडे

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाही जग वाचवलं नव्हतं. जमत नव्हतं म्हणून नव्हे. राक्षसाच्या किल्ल्यापर्यंत तो दर वेळी थाटात जायचा, हातात चांगल्यातली चांगली तलवार, झोळीत भरपूर औषधं, आणि मग दारातूनच मागे वळायचा. जवळच्या गावात धर्मशाळेतल्या म्हाताऱ्याकडून रेकॉर्ड लिहून घ्यायचा, मशीन बंद करायचा आणि कॅसेट कपाटात ठेवून द्यायचा. आमच्या कपाटात अशा कॅसेटींचा एक अख्खा खण आहे. प्रत्येकीत एक राक्षस मजेत जिवंत आहे आणि एक गाव बिचारं वाट बघत बसलंय.

टीव्हीला जोडायचं फॅमिकॉम हे खेळांचं मशीन नवीन आलं तेव्हाचे हे खेळ. चार माणसं घ्यायची, त्यांना नावं आपण ठेवायची, मग डोंगर-समुद्र पालथे घालत, लढत, जरा जरा ताकद वाढवत शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायचं. मध्ये थांबायचं तर खेळ कुठवर आला त्याचं रेकॉर्ड लिहून घ्यायचं. एकेका खेळाला महिनेच्या महिने लागतात. एवढा जीव काढून माणूस दारातून परत कसा येतो, हे मला कधी कळलं नाही. लग्नानंतर लवकरच एकदा विचारलं, तर शिगेओ म्हणाला, शेवट झाला की त्या गावातल्या लोकांना माझी गरज उरत नाही. मी म्हटलं, या घरातल्या लोकांना आहे, आधी कचरा बाहेर ठेवून ये.

तो यावाताहामाहून बेप्पूला जाणाऱ्या बोटीवर निवृत्त होईपर्यंत इंजिनखोलीत कामाला होता. रोज तेच पाणी ओलांडायचं, पलीकडे पोचायचं आणि उलट फिरायचं. पोचण्याचीच नोकरी करणाऱ्याला घरी बसून आणखी कुठे पोचावंसं वाटत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. कारण नुसते खेळच नव्हे, त्याच्या हातून काहीच पुरं व्हायचं नाही. मागच्या सज्जाचा कठडा अर्धा हिरवा आणि अर्धा गंजका, आमची चिनात्सु शाळेत होती तेव्हापासून. भिंतीवरची फळी एकाच खिळ्यावर. यावरून मी त्याला किती बोलले असेन त्याला गणती नाही, आणि तो किती शांतपणे ऐकून घ्यायचा त्यालाही नाही.

चिनात्सु झाल्यापासून आम्ही एकमेकांना नावाने हाक मारणं सोडलं. तो मला आई म्हणतो, मी त्याला बाबा म्हणते. गल्लीत सगळ्यांचं तसंच आहे. पुढे माझी लाँड्री, मागे सहा चटया मावतील एवढी खोली, मध्ये सरकतं दार. मी इस्त्री करत असते आणि दाराआडून खेळाचं संगीत येत असतं. गावातलं कुठलं, समुद्रावरचं कुठलं, लढाईचं कुठलं, हे मला न बघता कळतं. शेवटाचं संगीत तेवढं कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात मात्सुयामाच्या डॉक्टरांनी सांगितलं की शिगेओच्या हृदयातली एक झडप बदलावी लागेल. फेब्रुवारीत करू म्हणाले. हल्ली हे ऑपरेशन रोजचंच आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असंही म्हणाले. शिगेओने मान डोलावली. येताना स्टेशनवर उदोन नूडल्स खाल्ले, आणि मीठ कमी करा असं तासाभरापूर्वीच सांगितलेलं असताना वाडग्यातला रस्साही पिऊन टाकला. त्या दिवशी मला त्याला बोलवेना.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी कोणाचा तरी काळा सूट इस्त्रीला घेतला होता आणि मागून एक अनोळखी संगीत आलं. संथ, मध्येच थांबणारं. दार सरकवून बघितलं तर शिगेओ गुडघे मुडपून ताठ बसलेला आणि टीव्हीवर नावांमागून नावं वर सरकत होती. संपवलास का, मी विचारलं. हो म्हणाला. कसा होता शेवट? बरा होता, म्हणाला. मला खरोखर आनंद झाला. मी चिनात्सुला फोन करून बातमी दिली आणि रात्रीच्या जेवणाला चांगली मासळी आणली.

पुढच्या पंधरवड्यात त्याने दुसरा खेळ संपवला. मग सज्जाचा उरलेला कठडा रंगवला. फळीला दुसरा खिळा मारला. मिझोबे म्हणून त्याचा शाळेपासूनचा दोस्त आहे, चौकात विजेच्या सामानाचं दुकान चालवतो, त्याचा कधी काळी आणलेला स्क्रूड्रायव्हर पुसून परत देऊन आला. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना धार लावली. आणि एका सकाळी दाराआडून ते संथ संगीत तिसऱ्यांदा आलं, तेव्हा माझ्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. भानावर आले तेव्हा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं.

आमच्याकडे साठी उलटली की माणसं आपला शेवट आवरायला घेतात. नगरपालिकेत त्याची व्याख्यानं होतात, मासिकांत लेख येतात, बायका चहाला जमल्या की कपाट रिकामं करण्याच्या गप्पा मारतात. मागे राहणाऱ्यांना त्रास नको, म्हणतात. मीही मान डोलावून आले आहे. पण शिगेओनेच आवरायला घेतलं आहे हे कळल्यावर मान डोलवेना. हा माणूस अर्धवट होता तोवर माझा होता. पुरा झाला की जाणार, असं मनाने घेतलं ते घेतलंच.

चिनात्सुला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आई, तुला काहीच चालत नाही बाई. अर्धवट ठेवलं तरी कटकट, पुरं केलं तरी कटकट." तिचंही बरोबर होतं. आणि शिगेओला विचारणार काय? तू मरायची तयारी करतोयस का, असं आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही.

शेवटी मिझोबेंच्या दुकानात गेले आणि आडून आडून चौकशी केली, की अजून किती खेळ राहिलेत. मिझोबेंनी बोटांवर मोजलं. बाकीचे काही तो हातात घेणार नाही म्हणाले, ते त्याला आवडतच नव्हते. आता एकच राहिला, 'सात दीपगृहं'. तो खेळ मला माहीत होता. चिनात्सु पाळण्यात होती तेव्हा शिगेओने तो सुरू केला होता आणि त्यातल्या चौघांना शिगेओ, मित्सुए, चिनात्सु आणि तोरा अशी नावं दिली होती. मित्सुए म्हणजे मी, आणि तोरा म्हणजे तेव्हाचं आमचं मांजर. त्या खेळात सहा दीपगृहं पेटलेली होती आणि आम्ही चौघं सातव्याच्या पायरीशी उभे होतो, तेव्हापासून. कॅसेटच्या पोटात एक चपटा सेल असतो, रेकॉर्ड त्याच्या जिवावर टिकतं. तो इतकी वर्षं कसा टिकला याचंच मिझोबेंना नवल वाटत होतं.

रविवारी सकाळी शिगेओने ती कॅसेट लावली. मी दारातून बघितलं. ओळखीचं समुद्राचं संगीत, चार बुटकी माणसं, समोर काळोखा मनोरा. थोड्या वेळाने तो उठला आणि अंगणातल्या पेटीतून संत्री आणायला गेला.

मी कोनाड्यातून व्हॅक्युम क्लीनर काढला. आमच्या पिढीच्या बायकांनी हे चुकून कितीदा केलंय. मुलगा खेळ तसाच चालू ठेवून जेवायला उठतो, आई झाडायला येते, व्हॅक्युमचं तोंड फॅमिकॉमवर आपटतं आणि महिन्यांची मेहनत मातीत जाते. राक्षसांनी मारले नसतील तेवढे शूरवीर या देशातल्या आयांनी झाडताना मारलेत, असं मिझोबे म्हणतात. मी मात्र नेम धरून मारला. पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि एक लांबलचक आवाज निघत राहिला.

शिगेओ कवेत संत्री घेऊन आला. त्याने मशीन बंद केलं, पुन्हा लावलं. जिथे रेकॉर्ड असतं ती जागा कोरी होती. चुकून लागला, असं मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग व्हॅक्युमकडे, मग भिंतीवरच्या प्लगकडे.

"आई," तो म्हणाला, "वायर लावलेली नाहीस."

खरंच लावली नव्हती. वायर गुंडाळलेलीच होती. मी तिथेच, पांघरूण घातलेल्या गरम टेबलाशी बसले आणि मला रडू आलं. सगळं एकदम बाहेर पडलं. "तू सगळं संपवत सुटलायस. खेळ संपवलेस, सुऱ्यांना धार लावलीस, कठडासुद्धा रंगवलास. मला तो अर्धाच बरा होता. तू सगळं पुरं करून जाणार आहेस आणि मी इथे हिरवा कठडा बघत बसू का?"

शिगेओने एक संत्रं सोलायला घेतलं. त्याला सोलायला नेहमीच वेळ लागतो, पांढरे धागे एकेक करून काढतो. अर्धं माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाला की ऑपरेशनच्या वेळी काही तास हृदय थांबवून ठेवणार आहेत, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, मी तेव्हा कागदांवर सहीऐवजी शिक्के मारत होते. रात्री झोप लागेना. तेव्हा त्याच्या मनात आलं, आपण आजवर एकही शेवट बघितलेला नाही, तर तो कसा असतो हे एकदा बघून ठेवावं.

"मग? कसा असतो?" मी विचारलं.

तो उठला आणि पहिल्यांदा संपवलेली कॅसेट त्याने मशीनमध्ये घातली. तो खेळ किल्ल्याअलीकडच्या गावात उघडला. त्याने एका म्हातारीसमोर जाऊन बटण दाबलं. म्हातारी म्हणाली, कृपा करा, त्या राक्षसापासून आम्हाला वाचवा.

"पण याला तर तू मारलास."

"मारला. संगीत वाजलं, नावं आली. पण शेवट झाल्यावर हा रेकॉर्डच लिहीत नाही. बंद करून लावलं की परत इथेच, राक्षस जिवंत." त्याने दुसरी कॅसेट लावून दाखवली, तिसरीही. तिन्ही ठिकाणी तेच. इतकी वर्षं खेळूनही ही गोष्ट त्यालाही आत्ताच कळली होती, आणि मला वाटतं त्याला त्याची थोडी गंमतच वाटत होती.

"म्हणजे तू संपवलेस हे कोणालाच माहीत नाही?"

"तुला माहीत आहे की."

मी डोळे पुसले आणि माझं अर्धं संत्रं खाल्लं. कोऱ्या झालेल्या कॅसेटचं मला वाईट वाटलं ते त्यानंतर. आमचं मांजर जाऊन किती वर्षं झाली, ते त्या डब्यात अजून चालत होतं आणि मी ते पुसून टाकलं होतं. स्वतःलाही पुसलं होतं, ते वेगळंच. मी तसं म्हटलं तर शिगेओ म्हणाला, स्वतःला व्हॅक्युमने मारणारी तू पहिलीच असशील. आणि त्याने तो खेळ पहिल्यापासून सुरू केला. नावं विचारल्यावर तीच चार नावं त्याच क्रमाने भरली. किती दिवस लागतील, मी विचारलं. एखादं वर्ष, म्हणाला, तुला झाडायची फार हौस आली नाही तर. मी म्हटलं, हळूहळू खेळ.

त्यानंतरचे दिवस खरंच चांगले गेले. नवं वर्ष आलं, चिनात्सु चार दिवस राहून गेली. शिगेओ रोज थोडं खेळायचा. एक दीपगृह पेटलं. मिझोबे येऊन मागे बसायचे आणि न विचारता सल्ले द्यायचे.

जानेवारीच्या मध्यावर एका दुपारी दाराआडून समुद्राचं संगीत येत होतं, आणि ते बराच वेळ बदललं नाही. लढाई लागेना, गाव येईना. मी दार सरकवलं. शिगेओ टेबलावर डोकं टेकून बसला होता, ओठ निळसर. दम लागतोय, एवढं म्हणाला. अँब्युलन्स आली, मी लाँड्रीचं शटर अर्धंच ओढून त्याच्याबरोबर गेले. मात्सुयामात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता फेब्रुवारीची वाट बघता येणार नाही, याच शुक्रवारी करू.

दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे आणि सपाता घ्यायला घरी आले तर टीव्ही चालूच. चौघं वाळूवर उभे, मागे लाटा, तेच संगीत पुन्हा पुन्हा. मी बटणाकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला. मिझोबेंना फोन केला. ते म्हणाले, धर्मशाळेत नेऊन लिहून घेतल्याशिवाय काही टिकत नाही, पण बंद करून टाका, फार तर दोन-तीन संध्याकाळींचा खेळ जाईल, मोठं काही नाही. मला माहीत आहे मोठं काही नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. टीव्ही बंद केला नाही. मला स्वतःचाच राग येत होता. एवढी वयाची बाई, टीव्हीतल्या बाहुल्यांसाठी वीज जाळते आहे. पण तो ज्या जागी सोडून गेला होता त्या जागेवरून त्यांना हलवायची माझी छाती होईना.

मी बसने जात-येत राहिले. घरी आले की दार उघडायच्या आधीच लाटांचं संगीत ऐकू यायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

बुधवारी शेजारीण गल्लीतली सूचनांची पाटी घेऊन आली. ती घरोघर फिरते, वाचायची, आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. खांबांच्या कामासाठी गुरुवारी दुपारी एकपासून वीज बंद, असं लिहिलेलं होतं. मी शिक्का मारला, पाटी पुढे दिली, आणि मिझोबेंना म्हटलं, उद्या सकाळी या, खेळातल्या चौघांना धर्मशाळेत पोचवायचंय.

मिझोबे आले, मागे मांडी घालून बसले, पण कंट्रोलर हातात घेईनात. दुसऱ्याच्या रेकॉर्डला हात लावायचा नाही, हे त्यांचं शाळेपासूनचं ठरलेलं म्हणे. मला हसावं की रडावं कळेना.

"मग मी काय करू? मीही दुसरीच की."

"तुमचं नाव आहे आत, मित्सुए-सान. तुम्ही चालवा."

मी चालवलं. पहिल्यांदा चौघांना झाडावर आपटवलं, मग पाण्याशी नुसतीच उभी राहिले. अंगठ्याने दाबायचं आणि पडद्यावर माणसाने वळायचं, याची सवय व्हायलाच बराच वेळ गेला. गाव खाडीच्या पलीकडे होतं. वाटेत माणसाएवढे खेकडे निघत. मिझोबे म्हणाले, लढू नका, पळा. मी दर वेळी पळाले. कधी पळता यायचं, कधी खेकडा वाट अडवायचा, आणि सगळ्यांत पुढे शिगेओ असल्यामुळे सगळे फटके त्याच्याच अंगावर. औषध कसं पाजायचं ते मिझोबे सांगत होते तोवर एका खेकड्याने नांगी मारली आणि शिगेओचं चित्र गेलं. लढाई संपली. आम्ही तिघं पुन्हा वाळूवर चालायला लागलो, तर आमच्या मागे एक लहानशी पांढरी आकृती येत होती.

"हे काय?"

"गेला," मिझोबे म्हणाले, बस गेली म्हणावी तसं. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. "म्हणजे तसा नाही हो. गावात देऊळ आहे, तिथला पुजारी उठवतो. रोजचंच आहे हे."

डॉक्टरही रोजचंच म्हणाले होते. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला. आता पुढे मित्सुए होती, हातात काठी घेतलेली. तिला लढता येत नव्हतं, पण औषध देता येत होतं. तिने चिनात्सुला दिलं, मांजराला दिलं, उरलंसुरलं स्वतः घेतलं. दर वळणावर मी मागे बघत होते, ती पांढरी आकृती येते आहे ना. येत होती.

गावात शिरलो तेव्हा एक वाजायला थोडाच वेळ होता. देवळात पुजाऱ्याने शिगेओला उठवायचे जे पैसे मागितले ते जवळजवळ आमच्या थैलीत होते तेवढेच. मिझोबे पुढे सरकले. हे पैसे त्याने पोलादी तलवारीसाठी साठवलेत, म्हणाले, ती याच गावात मिळते आणि तिच्याशिवाय पुढचं दीपगृह जमायचं नाही. मेलेला असला तरी रेकॉर्ड लिहिता येतं. तसंच लिहून घ्या, तलवार घेऊ द्या, उठवणं काय नंतरही होतं, खेळणारा कोणीही असंच करेल.

"मिझोबे-सान," मी म्हटलं, "नवऱ्याला मेलेला लिहून ठेवून मी उद्या ऑपरेशनला जाणार नाही."

मिझोबे मागे सरकून बसले. मी 'हो' वर बटण दाबलं. पैसे गेले, घंटा वाजली, पांढरी आकृती गेली आणि शिगेओ आपल्या जागी, सगळ्यांत पुढे, उभा राहिला. धर्मशाळेतल्या म्हाताऱ्याने रेकॉर्ड लिहून घेतलं. डाव्या हाताने रिसेट दाबून ठेवायचं आणि मगच उजव्या हाताने पॉवर बंद करायची, हे मिझोबेंनी मला तीनदा सांगितलं आणि मी तसंच केलं. कितीतरी दिवसांनी ती खोली गप्प झाली. आम्ही चहाचं पाणी ठेवलं तेवढ्यात स्वयंपाकघरातला फ्रिजही बंद पडला. वीज गेली होती.

शुक्रवारी सकाळी आठला त्याला आत नेलं. मी आणि चिनात्सु बाकावर बसलो. ती मध्येच माझा हात धरायची आणि सोडायची. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क काढून म्हणाले, हृदय आपणहून सुरू झालं. चिनात्सु रडली. मी तीनदा वाकून नमस्कार केला, पण आत काही हललं नाही. माझा अजून विश्वास बसला नव्हता.

शनिवारी पाच मिनिटं भेटू दिलं. घशातली नळी काढली होती, आवाज घोगरा. चेहऱ्याला रंग नव्हता. घरी सगळं ठीक ना, त्याने विचारलं. मी वीज जाणार होती तिथपासून सुरुवात केली आणि खेकड्यांपर्यंत आले.

"तू वाटेत मेलास," मी म्हटलं. सलाइन बघणाऱ्या नर्सने माझ्याकडे वळून बघितलं.

"मग?"

"मग उठवला. होते नव्हते ते सगळे पैसे दिले."

शिगेओने डोळे मिटले. मला वाटलं त्याला झोप लागली. "तलवारीचे?" त्याने विचारलं.

"तलवारीचे."

"मिझोबेने अडवलं नाही?"

"अडवलं."

चादरीवर त्याचा अंगठा हलत होता, पैसे मोजल्यासारखा नाही, बटण दाबल्यासारखा. "आता परत खेकडे मारत बसायला हवं," तो म्हणाला. "उन्हाळा जाईल त्यात."

डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला सगळं नीट समजावलं होतं, पण माझा जीव भांड्यात पडला तो उन्हाळ्याचं नाव ऐकल्यावर. नर्स वेळ संपली म्हणाली. मी त्याची चादर सारखी केली आणि म्हटलं, "जाऊ दे की."